वाक्यातला कर्ता

१९४२ सालचं एक छायाचित्र आहे. लंडनमधल्या बीबीसीच्या स्टुडिओत एका टेबलाभोवती काही मंडळी जमली आहेत. कवी टी. एस. एलियट आहे, मुल्कराज आनंद आहेत, जमैकाची कवयित्री युना मार्सन आहे. मागे उभ्या असलेल्यांत एक उंच, हडकुळा, बारीक मिशीचा माणूस दिसतो. तो जॉर्ज ऑर्वेल. आणि अगदी डावीकडे बसल्या आहेत त्या वेणू चितळे, आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या. हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी 'व्हॉइस' नावाचा कवितेचा कार्यक्रम तिथून होत असे, त्या वेळचं हे छायाचित्र.

युद्धाच्या काळात ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागात नोकरीला होता. युद्धाच्या घडामोडींचा आढावा घेणारी वार्तापत्रं तो इंग्रजीत लिहायचा, मग ती हिंदुस्थानी भाषांत उतरवली जायची. त्यांत मराठीही होती, आणि मराठी वार्तापत्र वाचणाऱ्यांत वेणूताई होत्या. 'ॲनिमल फार्म' लिहून होण्याआधीच ऑर्वेलची वाक्यं मराठीत बोलली गेली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे वेणूताईंनी पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांवर 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. ती १९५० साली आली.

ऑर्वेल मात्र या नोकरीत रमला नाही. प्रत्येक मजकूर सेन्सॉरच्या नजरेखालून जायचा, आणि इतकं करून हिंदुस्थानात ऐकणारे किती, हा प्रश्न होताच. आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातो आहे, असं राजीनाम्याच्या पत्रात सांगून १९४३च्या नोव्हेंबरात तो बाहेर पडला. तिथून तो गेला 'ट्रिब्यून' नावाच्या एका साप्ताहिकात. ब्रिटनच्या सार्वजनिक जीवनात लेखक आणि राजकारणी एकमेकांना कसे घडवतात हे पाहायचं असेल, तर या साप्ताहिकाच्या कचेरीइतकी चांगली जागा नाही.

पण तिकडे जाण्याआधी आपल्या घरासमोरची एक गोष्ट सांगतो. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मध्यंतरी सूचना लागली होती: 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून नागरिकांनी सहकार्य करावे.' वाक्य व्याकरणाला धरून आहे. पण शाळेत बाई शिकवायच्या तसा प्रश्न विचारून पाहा. बंद ठेवणारा कोण? उत्तर मिळत नाही. 'निर्णय घेण्यात आला', 'लाठीमार करण्यात आला', 'झोपड्या हटवण्यात आल्या' या सगळ्या वाक्यांत कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता मात्र गायब आहे. ज्याला जाब विचारायचा तोच वाक्यातून उठून गेलेला असतो.

ऑर्वेलनं आयुष्यभर या गायब कर्त्याचा पाठलाग केला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' या निबंधात त्यानं दाखवून दिलं, की बेचिराख केलेल्या खेड्यांना 'शांतता प्रस्थापित करणं' म्हटलं आणि हाकलून दिलेल्या लाखो शेतकऱ्यांना 'लोकसंख्येचं स्थलांतर' म्हटलं, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. मन अस्वस्थ होत नाही. कर्तरी प्रयोग शक्य असेल तिथे कर्मणी वापरू नका, हा त्यानं सांगितलेल्या नियमांपैकी एक. आपण तो लेखनशैलीचा नियम समजतो. त्याच्या दृष्टीनं तो नागरिकशास्त्राचा नियम होता.

हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं. एरिक आर्थर ब्लेअर हे त्याचं खरं नाव. जन्म १९०३ सालचा, बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात होते. १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षं त्यानं ब्रह्मदेशात इंग्रज सरकारच्या पोलिसांत काढली. राज्य करणारी भाषा त्यानं सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिली होती. नंतर स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा फ्रँकोच्या फौजेविरुद्ध लढायला तो तिथे गेला. १९३७च्या मेमध्ये गळ्यातून गोळी आरपार गेली आणि तो वाचला. पण त्याहून खोल जखम दुसरी होती. स्टालिनच्या बाजूचे लोक आपल्याच साथीदारांना हेर ठरवून तुरुंगात घालत होते, आणि लंडनची डावी वर्तमानपत्रं तेच छापत होती. आपण डोळ्यांनी पाहिलेली लढाई कागदावर दुसरीच झालेली त्यानं वाचली.

स्पेनला पोहोचल्यावरची त्याची एक आठवण जेनी ली हिनं सांगितली आहे. बार्सिलोनाच्या हॉटेलात एक उंच, रापलेला माणूस तिच्या टेबलाशी आला आणि लढायला नाव कुठे नोंदवायचं, असं विचारू लागला. त्याच्या खांद्यावर बुटांचा जोड लोंबकळत होता. आपल्या पायाचे बूट इथे मिळायचे नाहीत हे ओळखून त्यानं घरूनच आणले होते. क्रांतीच्या गर्दीतही बुटाचं माप ध्यानात ठेवणारा हा माणूस. त्याच्या लेखनातही तेच आहे. विचार कितीही मोठा असो, पाय जमिनीवर आणि बूट मापाचे.

ही जेनी ली 'ट्रिब्यून'च्या गोतावळ्यातली. स्कॉटलंडच्या खाणकामगाराची मुलगी. १९२९ साली ती पोटनिवडणुकीत निवडून आली तेव्हा २४ वर्षांची होती. त्या घडीला ब्रिटनमध्ये तिशीच्या आतल्या स्त्रियांना मत देता येत नव्हतं. म्हणजे पार्लमेंटात बसणाऱ्या या मुलीला स्वतःला मत देण्याची सोय नव्हती. १९३४ साली तिनं अन्युरिन बेव्हनशी लग्न केलं.

'ट्रिब्यून' निघालं १९३७च्या जानेवारीत. मजूर पक्षाचे दोन सधन खासदार, स्टॅफर्ड क्रिप्स आणि जॉर्ज स्ट्रॉस, यांनी ते सुरू केलं. हे क्रिप्स म्हणजे १९४२ साली योजना घेऊन दिल्लीत आलेले क्रिप्सच. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत साप्ताहिकाचं संपादकपद बेव्हनकडे होतं.

बेव्हन साऊथ वेल्सच्या ट्रेडेगर गावचा. जन्म १८९७चा. तेराव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत उतरला. बोलताना तोतरा व्हायचा. एखादा शब्द जिभेवर अडला की त्याच अर्थाचा दुसरा शब्द तो हुडकायचा. त्यासाठी कामगारांच्या वाचनालयातली पुस्तकं त्यानं पालथी घातली. पार्लमेंटातल्या सर्वांत मोठ्या वक्त्यांत पुढे ज्याचं नाव घेतलं गेलं, त्याचा शब्दसाठा असा अडखळण्यातून भरला होता. त्याचे वडीलही खाणकामगार. कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होऊन १९२५ साली मुलाच्या हातातच त्यांनी प्राण सोडला. भरपाई मिळाली नाही, कारण तो आजार कायद्याच्या यादीत धंद्यामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला नव्हता. यादीत नाव नाही, म्हणून मरणाला कोणी जबाबदार नाही. बेव्हनलाही गायब कर्त्याची ओळख झाली होती, आणि ती घरातच.

ऑर्वेल आणि बेव्हन यांची गाठ पडली ती अशी. ऑर्वेल 'ट्रिब्यून'चा साहित्य संपादक झाला आणि १९४३च्या डिसेंबरपासून 'ॲज आय प्लीज' हे सदर लिहू लागला. मला वाटेल ते लिहीन, असा त्या नावाचा रोखठोक अर्थ. संपादक म्हणून तो फारसा कर्तबगार नव्हता, हे त्यानंच नंतर कबूल केलं. टेबलाच्या खणात न पाहिलेली हस्तलिखितं आणि पत्रं कोंबलेली असायची. परत पाठवायला हवी अशी कविता एखाद्या गरजू लेखकाची असली, की ती परत करायला त्याचा हात धजावत नसे.

सदर मात्र असं होतं, की आजही कोणत्याही भाषेतल्या सदरलेखकानं समोर ठेवावं. तो वूलवर्थच्या दुकानात सहा पेन्सला मिळणाऱ्या गुलाबाच्या रोपाबद्दल लिहायचा. फुलांवर लिहिणं हा भांडवलदारी हळवेपणा आहे, अशी तक्रार एका वाचक बाईंनी केली. ऑर्वेल बधला नाही. माणसाला कामाचे तास कमी हवेत ते कशासाठी? उरलेल्या वेळात झाडंफुलं पाहण्याचा आनंदच काढून घेतला, तर समाजवाद आणून करायचं काय? हे त्याचं म्हणणं होतं.

त्याच सदरात त्यानं आपल्या बाजूच्या लोकांनाही सोडलं नाही. १९४४च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा शहरानं जर्मनांविरुद्ध उठाव केला. रशियाची फौज नदीपलीकडे येऊन ठेपली होती आणि उठाव चिरडला जात होता. रशिया तेव्हा ब्रिटनचा दोस्त, म्हणून डाव्या वर्तमानपत्रांनी पोलिश लढवय्यांनाच दोष दिला. १ सप्टेंबरच्या सदरात ऑर्वेलनं या पत्रकारांना खडसावलं. एकदा का सत्तेची भाटगिरी केली, की नंतर प्रामाणिकपणा परत येत नाही, असं त्यानं बजावलं. हा मजकूर एका समाजवादी साप्ताहिकात, युद्ध चालू असताना छापून आला. छापणारा बेव्हन स्वतः निवडून आलेला राजकारणी होता. मतदार, पक्ष, मित्रराष्ट्र असे सगळे दाब त्याच्यावर होते. तरी सदराला त्यानं हात लावला नाही.

याचं मोल कळायचं तर दुसरीकडे काय चाललं होतं ते पाहावं. स्टालिनच्या रशियावर बेतलेलं 'ॲनिमल फार्म' १९४४च्या फेब्रुवारीत लिहून झालं होतं. नामवंत प्रकाशक एकामागून एक ते नाकारत होते. जूनमध्ये उडत्या बॉम्बनं ऑर्वेलचं लंडनमधलं घर पडलं. ढिगाऱ्यातून उपसून काढलेलं, चुरगळलेलं हस्तलिखित त्यानं एलियटकडे पाठवलं. छायाचित्रात त्याच्यासोबत बसलेला हाच एलियट एका मोठ्या प्रकाशन संस्थेत होता. त्यानंही नकार दिला. अखेर १९४५च्या ऑगस्टमध्ये, युद्ध संपता संपता, सेकर अँड वॉरबर्गनं ते प्रसिद्ध केलं. जी गोष्ट प्रकाशक छापायला धजत नव्हते, त्याच जातीचं सत्य एका राजकारण्याचं साप्ताहिक १९४४ सालीच छापत होतं.

युद्धानंतर मजूर पक्ष निवडून आला आणि बेव्हन आरोग्यमंत्री झाला. ट्रेडेगरमध्ये कामगार आपल्या पगारातून ठरावीक रक्कम वर्गणी देत आणि त्यावर संपूर्ण गावाचा दवाखाना चाले. ए. जे. क्रोनिन हा डॉक्टर तिथे नोकरीला होता. त्या अनुभवावर त्यानं १९३७ साली 'द सिटाडेल' ही कादंबरी लिहिली. आपल्याकडे विजय आनंद यांनी तिच्यावरूनच 'तेरे मेरे सपने' हा चित्रपट केला. बेव्हनला ट्रेडेगरची ही सोय देशभर न्यायची होती. डॉक्टरांच्या संघटनेनं कडाडून विरोध केला. तरी ५ जुलै १९४८ या दिवशी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार करून घेताना खिशात हात घालायची वेळ कोणावरही येणार नव्हती.

बेव्हनच्या नावावर एक वाक्य सांगतात. ट्रेडेगरच्या इस्पितळात कुणाच्या हातून बेडपॅन पडलं, तर त्याचा आवाज वेस्टमिन्स्टरपर्यंत घुमला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. माझ्या मते हे कर्तरी प्रयोगाचं राजकारण. सेवा 'पुरवण्यात येत' नाही, सेवा मी पुरवतो, आणि चुकलं तर जाब मला विचारा. तीन वर्षांनी सरकारनं शस्त्रास्त्रांवरचा खर्च भागवायला चष्म्यांवर आणि दातांच्या कवळ्यांवर आकार लावायचं ठरवलं, तेव्हा १९५१च्या एप्रिलमध्ये त्यानं मंत्रिपद सोडलं. रक्कम किरकोळ होती. पण शब्द त्याचा होता.

या मंडळींतला चौथा मायकेल फूट. वडील आयझॅक फूट लिबरल खासदार आणि पुस्तकवेडे. घराच्या खोल्या पुस्तकांनी भरलेल्या. १९४० साली डंकर्कहून इंग्रज फौज कशीबशी माघारी आली, तेव्हा २६ वर्षांचा फूट पत्रकार होता. फ्रँक ओवेन आणि पीटर हॉवर्ड या दोघांना घेऊन त्यानं चार दिवसांत एक पुस्तक लिहिलं. नाव 'गिल्टी मेन', लेखकाच्या जागी 'केटो' हे टोपणनाव. हिटलरपुढे नमतं घेऊन देशाला निःशस्त्र ठेवलं कोणी, याची १५ नावं त्यात सुरुवातीलाच छापली होती. नाटकाच्या पुस्तकात पात्रांची यादी असते तशी. त्यांतले काही जण तेव्हाही मंत्री होते. काही मोठ्या विक्रेत्यांनी पुस्तक ठेवायला नकार दिला, म्हणून ते रस्त्यावर हातगाड्यांवरून विकलं गेलं. दोन लाखांच्या वर प्रती खपल्या. 'चुका झाल्या' असं न म्हणता 'यांनी केल्या' असं म्हणणारं पुस्तक लोकांना हवं होतं.

फूट पुढे 'ट्रिब्यून'चा संपादक झाला, बेव्हनच्या पश्चात त्याच्याच मतदारसंघातून निवडून आला, त्याचं दोन खंडांचं चरित्र लिहिलं, स्विफ्टवर आणि एच. जी. वेल्सवर लिहिलं. १९८० साली तो मजूर पक्षाचा नेता झाला आणि १९८३च्या निवडणुकीत पक्षाचा मोठा पराभव झाला. चांगला लेखक चांगला पक्षनेता होईलच असं नाही, हे त्याच्या उदाहरणावरून नेहमी सांगितलं जातं. ते खरंही आहे.

पण आपल्याला बोचणारी गोष्ट वेगळी आहे. फूट हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा जुना पाठीराखा. कृष्ण मेनन यांचा मित्र, नेहरूंचा चाहता. १९७५ साली इथे आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात गेले. त्या काळात फूटनं इंदिरा गांधींची बाजू घेतली. पंधरा जणांची नावं छापणारा माणूस, स्नेहाचं नाव समोर आल्यावर, ते वाक्यात घालू शकला नाही. त्याच १९७५च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत अध्यक्ष दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. ऑर्वेलची शिकवण त्या दिवशी लंडनपेक्षा कृष्णा-कोयनेच्या काठी अधिक जिवंत होती.

ऑर्वेलच्या बाबतीतही झाकपाक करून चालणार नाही. १९४९च्या मेमध्ये क्षयानं अंथरुणाला खिळलेला असताना त्यानं परराष्ट्र खात्याच्या एका विभागाला ३८ नावं कळवली. सोव्हिएत प्रचाराविरुद्धच्या लेखनासाठी ही माणसं भरवशाची नाहीत, असं त्याचं मत होतं. ही यादी पुढे अनेक वर्षांनी उघड झाली. त्याचे चाहते तिची कारणं सांगतात, आणि ती विचार करण्याजोगी आहेत. तरी 'गिल्टी मेन'च्या यादीत आणि या यादीत मोठा फरक आहे. पहिली रस्त्यावर विकली गेली, ज्यांची नावं होती त्यांना उत्तर देता आलं. दुसरी बंद पाकिटातून गेली. कर्त्याचं नाव घ्यायचं ते त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. नाहीतर सत्य सांगणं आणि चहाडी यांतलं अंतर फार कमी उरतं. त्यानंतर आठ महिन्यांनी, २१ जानेवारी १९५० या दिवशी, वयाच्या ४६व्या वर्षी ऑर्वेल गेला.

जेनी ली त्यानंतरही कामात राहिली. १९६४ नंतर हॅरोल्ड विल्सनच्या सरकारात ती मंत्री झाली. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला घरी बसून, नोकरी सांभाळून पदवी घेता आली पाहिजे, ही कल्पना विल्सनची. ती तडीस नेली जेनीनं. कमी प्रतीचं काही लोकांच्या गळ्यात मारायचं नाही, पदवी इतर विद्यापीठांच्या तोडीची हवी, यावर ती अडून बसली. १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली, १९७१ साली पहिले विद्यार्थी शिकू लागले. हीच मुक्त विद्यापीठाची वाट पुढे आपल्याकडे आली आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. संसार सांभाळून पदवी घेतलेली एखादी बाई आपल्या प्रत्येकाच्या नात्यात किंवा शेजारात आहे. तिच्या पदवीमागे स्कॉटलंडच्या खाणकामगाराच्या मुलीचा हट्टही आहे.

या चौघांचं एकमेकांशी सगळंच पटत होतं असं नाही, आणि चौघंही कुठे ना कुठे चुकले. पण एका साप्ताहिकाच्या निमित्तानं त्यांनी एक गोष्ट करून दाखवली. राजकारण्यानं लेखकाला मोकळं सोडलं, आणि लेखकानं त्या मोकळीकीची किंमत खऱ्या बोलण्यानं चुकती केली. सभेला लेखकाला खुर्ची दिली, शाल दिली, की राजकारणाचं साहित्याशी नातं जुळलं असं आपण समजतो. नातं जुळतं ते लेखकाचं न रुचणारं वाक्य जसंच्या तसं छापलं जातं तेव्हा.

सोसायटीच्या फळ्यावरची ती सूचना मी नंतर वहीत उतरवून घेतली आणि खाली कर्तरी प्रयोगात पुन्हा लिहून पाहिली. 'आम्ही उद्या पाणी बंद ठेवणार आहोत, कारण जलवाहिनी वेळेवर दुरुस्त करायचं आमच्याकडून राहिलं.' हे कारण मी कल्पनेनं घातलं होतं, मूळ सूचनेत 'तांत्रिक' या शब्दापलीकडे काही नव्हतंच. वाक्य एवढंसं बदललं, पण ते वाचताना पहिल्यांदाच वाटलं, की समोर कोणीतरी माणूस उभा आहे आणि त्याच्याशी बोलता येईल.